आबांना सुरत दाखवली

माझ्या सुनेला एक वेड आहे. दुपारची जेवणं उरकली की ती माझ्या शेजारी येऊन बसते आणि फोनवर मला जगातल्या अशा जागा दाखवते, ज्या म्हणे कुणाला ठाऊक नसतात. कुठे गुलाबी पाण्याचं तळं, कुठे नजर पोचेल तिथवर नुसतं मीठ, कुठे असं गाव की जिथे रस्तेच नाहीत, बायका होडीतून भाजी आणायला जातात. मी बघते, छान आहे म्हणते. पण खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं नवल वाटत नाही. गुलाबी पाणी म्हणाल तर आमच्या लिंबायतच्या मागे एक नाला होता, तो आज गुलाबी असला तर उद्या मोरपंखी असायचा. आणि पाहुण्याला काय दाखवावं नि काय नाही, यातलं मला सुनेपेक्षा जरा जास्तच कळतं. मी माझ्या वडिलांना सुरत दाखवली आहे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत लिंबायतला एका दुमजली घरात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचो. मी, नवरा, सासूबाई, धाकटा दीर आणि माझा रांगता मुलगा. खालच्या मजल्यावर माग. नवरा आणि दीर दोघेही तिथेच कारीगर होते. दिवसभर खालून खटाखट खटाखट चालायचं आणि आमच्या तांब्यातलं पाणी त्या तालावर थरथरायचं. मला सवय झाली होती. इतकी की माहेरी गेलं की शांततेनं झोप लागत नसे.

माझं माहेर धुळ्याकडे, पांझरेच्या काठी. माझ्या पाठची बहीण तिथेच होती, लग्नाची. माझ्या लग्नात तिनं आणि माझ्या दिरानं एकमेकांना काय पाहिलं आणि किती पाहिलं ते देव जाणे, पण पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तर झोक्यावर बसल्याबसल्या ती माझ्या कानाला लागली. "ताई, माले बी सुरतच देवाले सांग आबाले." इकडे दीर तर विचारूच नका. भाकरी खाताना माझ्या माहेरचा विषय निघाला की त्याचा घास तोंडाशीच थांबायचा.

अडलं होतं ते आबांपाशी. सुरतेत प्लेगची साथ आली त्या वर्षी अर्धी सुरत गाड्या भरभरून गावी पळाली होती, त्यात आम्हीही होतो. एक ट्रंक, एक गाठोडं आणि उतरलेले चेहरे घेऊन आम्ही माहेरच्या दारात उभे राहिलो, ते आबांनी पाहिलं. त्या दिवसापासून सुरतेचं नाव काढलं की ते तंबाखूची पिंक टाकायचे. "एक पोर सुरतले दिधी, तेच गंज शे," म्हणायचे. म्हणजे, एक दिली तेच पुष्कळ झालं. त्यांचं म्हणणं काही वाईट नव्हतं. त्या गर्दीत तू आजारी पडलीस तर शेजारच्याला तरी कळेल का, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं.

शेवटी माझ्या सासूबाईंनीच गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर व्याह्यांना निरोप धाडला: याही, पहिले सुरत दखा, मंग नही म्हना. माझे आबा आव्हान दिलं की ऐकणाऱ्यातले. कपाशीची वेचणी संपली आणि ऐन थंडीत ते आले.

उधना स्टेशनवर मी आणि नवरा त्यांना घ्यायला गेलो. डब्यातून आधी एक पिशवी उतरली, तिच्यात भरताची वांगी, हिरवी आणि नारळाएवढी. मग खाली आला तो एक भला मोठा भारा. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा. आणि त्याच्यामागून आबा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. फलाटावरची माणसं थांबून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, काड्या कशाले आन्यात?"

"भरीत कराले. तुमनी सुरतमा नुसता लुगडा शेतस. कपाशी कोठे शे?"

पऱ्हाट्यांवर भाजल्याशिवाय वांग्याला भरीत म्हणायचं नाही, हा आमच्या खानदेशातला कायदा आहे. नवऱ्यानं मुकाट्यानं भारा रिक्षाच्या टपावर बांधला. आणि लिंबायतच्या गल्ल्यांतून आमची वरात निघाली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या बाया ओळखीचं हसत होत्या, मला वाटत होतं त्या मला हसतायत.

खोलीत आल्यावर आबांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. मोरी, स्टोव्ह, पत्र्याची कपाटं, दोरीवरचे कपडे. फिरवायला फार काही नव्हतंच, नजर लगेच दाराशी परत आली. मग ते तांब्यातल्या थरथरणाऱ्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला त्या बघण्याचीच भीती वाटली. मी मनाशी ठरवून टाकलं, यांना खोलीत बसू म्हणून द्यायचं नाही. रोज फिरवायचं. सुरतेचा असा थाट दाखवायचा की खोली विसरून जातील.

पहिला मान समुद्राचा. आबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मीही एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, आणि तो तेव्हा तिथे होता. म्हणून आम्ही सगळे जण एका रिक्षात दाटीवाटीनं बसून डुमसला गेलो. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती. वाटेभर मी आबांना सांगत होते, आबा, दुसरा काठच दिसत नाही, लाटा अशा येतात, पायाखालची वाळू अशी सरकते. उतरलो. पाहतो तर समोर चिखल. नजर जाईल तिथपर्यंत काळा, ओला, चमकणारा चिखल, आणि त्यात दूरवर दोन कुत्री.

"शे कोठे समुद्र?" आबांनी विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं दिराकडे. आम्ही सगळी नदीकाठची माणसं. समुद्र घर सोडून जातो, हे आमच्यापैकी कुणाला माहीत असणार? भजीवाल्यालाच दया आली. "पानी गया है चाचा, शाम को आएगा," तो म्हणाला.

आबांनी दोन्ही हातांनी टोपी धरली होती, कारण वारा मात्र समुद्राचा होता. माझ्या वडिलांची टोपी म्हणजे त्यांच्या शरीराचाच भाग. झोपताना ती उशाशी असायची आणि उठल्यावर डोळे उघडायच्या आधी डोक्यावर. परक्या माणसासमोर उघड्या डोक्यानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तर तशी टोपी धरून ते चिखलाकडे बघत म्हणाले, "म्हंजे आमनी पांझराच. ती बी उन्हायामा अशीच ऱ्हास. तिले दखाले मी रिक्षा करत नही."

सासूबाईंना इतकं हसू आलं की त्या तिथेच खाली बसल्या, नव्या साडीसकट. मला रडावं की हसावं कळेना. संध्याकाळपर्यंत थांबायचं तर नवऱ्याची आणि दिराची मागावरची पाळी होती, कारीगराला समुद्रासाठी कुठली सुटी? टोमॅटोची भजी खाऊन परत फिरलो. आबांचे दोन्ही हात टोपीला गुंतलेले, म्हणून दिरानं त्यांना भजं भरवलं. तेवढं एक मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रिंगरोडवरचा कापडबाजार. मजल्यावर मजले, दुकानावर दुकान, आणि दुकानात साड्यांचे डोंगर. एका माणसानं तर आबांच्या पुढ्यात फटाफट वीसेक साड्या उलगडल्या, आम्ही काही घेणार नाही हे सांगत असतानाही. आबा गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "हाई इतला लुगडा नेसस कोन?" मी आयुष्यभर साड्यांतच बसलेली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

माझे उपाय संपले तेव्हा सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. "तुले दखाडता येत नही," असं मला सांगून त्या आबांना घेऊन निघाल्या आणि कुठे नेलं असेल? नाल्यावर! रंगाईच्या कारखान्यांचं पाणी जायचं तो नाला. गल्लीतल्या बाया येताजाता त्यात डोकावून बघायच्या, कारण येत्या सणाला कुठला रंग चालणार ते बाजाराआधी नाल्याला कळायचं. सासूबाईंना त्या विद्येचा भारी अभिमान. "दखा याही," त्या नाल्याच्या कडेला उभं राहून हात पसरून म्हणाल्या, "औंदा रानी कलर चालनार!"

आबांनी वाकून पाहिलं. "ढोरे पेतस का हाई पानी?"

सासूबाईंनी पसरलेले हात खाली घेतले.

आता राहिला एकच दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आबा परत जाणार होते. आणि दिराचा चेहरा तर मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडासारखा पांढरा. माझ्या बहिणीचं काय होणार, हे मला लख्ख दिसत होतं. पुढच्या आखाजीला ती झोक्यावर बसेल आणि माझ्याकडे बघणार नाही.

त्या दिवशी दुपारी आबांना वांग्यांची आठवण झाली. वांगी मऊ पडायला लागली होती, भारा जिन्याखाली पडून होता. भरीत करायचं कुठे? खोलीत पऱ्हाट्या पेटवल्या तर खोलीचंच भरीत. मी म्हटलं, राहू द्या आबा, स्टोव्हवर भाजते. आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी धर्म बदलला.

"गच्चीवर चला," सासूबाई म्हणाल्या.

गच्चीवर न्यायचं माझ्या मनात चुकूनही आलं नव्हतं. गच्ची म्हणजे काय दाखवायची जागा? तिथे तुटकी पिंपं, पाण्याची टाकी, मागावरचे मोडके लाकडी धोटे, आणि दुपारभर आम्ही बाया. थंडीत आसपासच्या सगळ्या जणी आमच्याच गच्चीवर यायच्या, कारण तिथे ऊन जास्त वेळ टिकायचं. शेठकडून गठ्ठ्यांनी साड्या यायच्या. साडीच्या उलट्या बाजूला सुटलेले धागे कात्रीनं कापायचे, हे आमचं काम. कुणी धुळ्याची, कुणी अमरावतीकडची, कुणी बीडची. हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त चालायची. पोरं धाग्यांच्या ढिगात लोळायची.

आबा भारा घेऊन वर आले. बायांनी पदर सावरले. आबांनी कोपऱ्यात काड्या रचल्या, आगपेटीची काडी ओढली आणि जाळ असा उठला की टाकीवरची कबुतरं उडाली. वांगी जाळात गेली. तो वास पसरला मात्र, गच्चीवर खानदेश अवतरला. धुळ्याच्या एका म्हातारीनं कात्री खाली ठेवली आणि डोळे मिटून नुसता श्वास घेतला.

मग सुरू झालं भांडण. अमरावतीवाली म्हणाली, भरतात टमाटे टाकावे. धुळेवाली म्हणाली, हाई भरीत शे का भाजी? बीडवाली म्हणाली, आमच्यात दही घालत्यात. आबा, जे चार दिवस कुणाशी धड चार शब्द बोलले नव्हते, ते काडीनं वांगी फिरवत मध्ये पडले आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे यांच्यापलीकडे पाचवी वस्तू टाकणाऱ्याचं काय करावं, ते त्यांनी सगळ्यांना खड्या आवाजात सांगितलं. बाया हसून लोटपोट. धुळ्याच्या म्हातारीनं घरून लाकडी बडगी आणली, तिच्यात वांगी ठेचायला. काड्या कमी पडल्या तेव्हा कुणीतरी मोडके धोटे आणून जाळात टाकले. आबांनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं.

तेवढ्यात धूर बघून मकानमालकीण वर आली, सुरती म्हातारी, हात कमरेवर. "आ शुं सळगाव्युं छे?" म्हणून ओरडतच आली. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि एका भाकरीवर भरीत घालून तिच्या हातात दिलं. तिनं घास घेतला. चावला. "अरे, आ तो अमारो ओळो!" असं म्हणून ती तिथेच पिंपावर टेकली आणि दुसरी भाकरी मागितली. तिच्या घराचा ओळो आणि आमचं भरीत, दोन्ही एकाच वांग्याची लेकरं.

मी सकाळपासून उभीच होते. भाकऱ्या थापायच्या, वाढायचं, पोराला बघायचं. अमरावतीवालीनं माझ्या हातातली परात हिसकून घेतली. "बस ना वं जरा! सकाळपासून उभी हायेस, चेहरा पाह्य कसा झाला. दूध पाजतं ना लेकराले?" आणि तिनं मला खांदे धरून खाली बसवलं. बीडवालीनं माझ्या मुलाला मांडीवर घेऊन त्याचं नाक पुसलं. रोजचंच होतं हे, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण आबांच्या हातातली काडी थांबली होती. ते आमच्याकडे बघत होते.

उन्हं उतरली तशी दूरवर शिटी वाजली. घरांच्या मागे थोड्या अंतरावर रूळ होते. उधन्याहून निघालेली गावाकडची गाडी रोज त्या वेळी तिथून जायची. वळण असल्यामुळे सावकाश जायची. सगळ्या बाया उठल्या. प्रत्येकीनं मांडीवरची साडी उचलली, टोकाला धरली आणि कठड्याशी उभं राहून वाऱ्यावर सोडली. लाल, पिवळ्या, मोरपंखी साड्या, शेठच्या मालकीच्या, फडाफडा उडायला लागल्या. शेठनं पाहिलं असतं तर जागीच बसला असता.

"हाई काय?" आबांनी विचारलं.

"माहा भाऊ चालला ना आज," अमरावतीवाली साडी हलवत, डोळे पुसत म्हणाली. "त्याले दिसते खिडकीतून."

आमच्यात तशी रीतच पडली होती. कुणाचंही माणूस त्या गाडीनं गेलं की सगळ्यांनी साड्या हलवायच्या. एकीच्या साडीनं काय दिसणार? आबा कठड्याशी आले आणि गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहिले. मग वळून सासूबाईंना म्हणाले, "खोली ल्हानी शे तुमनी." सासूबाईंचा चेहरा उतरला. "पन गच्ची मोठी शे."

सासूबाईंनी संधी सोडली नाही. "मंग याही, पोर देतस का नही? हा व्हई ते उद्या गाडीमाईन टोपी हालाडा. नही व्हई ते बठा चुपचाप." होकार असेल तर टोपी हलवायची, नाहीतर गप्प बसून राहायचं.

"मनी टोपी काय झेंडा शे का?" आबा म्हणाले आणि बडगी पुसायला लागले. माझा जीव खट्टू झाला. दुसऱ्याच्या देखत आबा टोपी काढणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि सासूबाईंना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा आबांना स्टेशनवर सोडायला गेला. ते निघताना मी त्यांच्या पाया पडले, फक्त एवढंच म्हणाले, आबा, डाव्या खिडकीशी बसा. मग पळत गच्चीवर. सगळ्या जणी आधीच साड्या घेऊन उभ्या होत्या. मकानमालकीणही आली होती, घरातली चादर घेऊन. दीर पाळी सोडून टाकीवर चढून बसला होता, कुणी विचारलं तर टाकीत पाणी किती आहे ते बघतोय म्हणून.

शिटी झाली. गाडी वळणावर आली. आम्ही साड्या सोडल्या. मी इतकी जोरात हलवत होते की माझे हात भरून आले. एक डबा गेला, दुसरा गेला. खिडक्यांतून नुसती डोकी. मग एका खिडकीत पांढरं काहीतरी दिसलं, खिडकीच्या बाहेर, हाताच्या टोकाला, वर-खाली, वर-खाली, लहान पोरानं हलवावं तसं. आणि त्याच्यामागे आबांचं उघडं, पिकलेलं डोकं.

"हालाडी! हालाडी!" सासूबाई ओरडल्या आणि त्यांनी मला कवटाळलं. मी ओक्साबोक्शी रडत होते, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. आणि तेवढ्यात वाऱ्यानं डाव साधला. टोपी आबांच्या हातातून सुटली, गिरकी घेत घेत रुळांपलीकडच्या झुडपांत गेली. आबा उघड्या डोक्यानं खिडकीतून बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि तेच हलवले. दीर टाकीवरून कधी उतरला आणि सायकल घेऊन रुळांकडे कधी धावला, ते कुणी पाहिलंच नाही.

गावात आबा बोडक्यानं उतरले. पाहणाऱ्यांना वाटलं, सुरतेत काही वाईट घडलं. कुणी विचारलं, टोपी कोठे गयी? "सुरतले ठी उनू," आबांनी सांगितलं. म्हणे, सुरतेला ठेवून आलो. बहिणीला त्या एका वाक्यात सगळं कळलं, असं ती अजून सांगते.

लग्न उन्हाळ्यात लागलं. नवरदेव मांडवात आला तो हातात एक पुडकं घेऊन. आबांच्या पाया पडून त्यानं ते उलगडलं, तर आत टोपी, धुतलेली, खळ घालून इस्त्री केलेली. मांडवात हशा पिकला. आबांनी डोक्यावरची नवी टोपी काढून शेजारच्याच्या हातात दिली आणि ती जुनी घातली, नीट दाबून बसवली. मग गर्दीत मला शोधून जवळ बोलावलं. मला वाटलं, बहिणीला सांभाळ म्हणून सांगतील. डोळे पुसतच गेले.

"समुद्र उना का वं परत?" त्यांनी विचारलं.

"उना, आबा," मी म्हटलं.